डाव्या मुठीचं रीळ

गुदैबिया, बहरीन
शुक्रवार, ९ मे १९८०

दादा,

'तीर्थस्वरूप रावजीदादांस' असं लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. चार वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस. त्यात मी तीर्थस्वरूप वगैरे लिहिलं तर म्हणशील, बघा, गल्फात जाऊन भटजी झाला. म्हणून नुसतं दादा. नमस्कार मात्र खरा आहे, तो घे.

वहिनीचं पत्र परवा आलं. मी एका ऑफिसच्या एसीत डोकं घालून बसलो होतो, हात ग्रीसने काळे, तसंच फोडलं. शिमगा झाल्यावर होडीच्या नांगराच्या दोरात तुझा हात सापडला, आणि मला ते कळतंय मे महिन्यात. वहिनी लिहिते, "ह्यांचा कामाचा हात गेला. तीन बोटं काढली. आता गरी ओढवत नाही. वेंगुर्ल्याचा एक माणूस होडी घ्यायला तयार आहे, नारळी पौर्णिमेला तोच तिच्यावरून नारळ सोडणार." आणि खाली काय, तर 'काळजी नसावी'. धन्य ती बाई.

दादा, मी रडलो. लान्सीच्या समोर रडलो. लान्सी म्हणजे माझ्या खोलीतला वसईचा पोरगा, इथल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर आहे. त्याने चहा केला, साखर दुप्पट घातली आणि आज सकाळी मला ओढत मुहर्रकच्या पुलावर घेऊन गेला. म्हणाला, दर्या बघ, बरं वाटेल. मी म्हटलं, आमचं सगळं दर्यातच झालंय, तो बघून काय बरं वाटणार. पण गेलो.

आणि तिथे मी जे बघितलं ते सांगायला हे पत्र. कठड्याजवळ एक म्हातारा अरब स्टुलावर बसला होता. काठी काखेत दाबलेली. एका हातात सिगरेट. आणि दुसऱ्या हाताने तो काठीवर बसवलेल्या पितळी रिळाची मूठ फिरवत होता, अगदी सावकाश, वहिनी जातं फिरवते तशी. काठी वाकून कमान झालेली. मी थांबलो. पाण्यातून वर काय आला, तर हामूर. हामूर म्हणजे आपला गोब्रा, रे. पायलीएवढं तोंड. आणि म्हाताऱ्याने सिगरेट खाली टाकली नाही.

एका हाताने, दादा. एका हाताने गोब्रा.

रीळ म्हणजे वहिनीच्या शिलाई मशीनवरचं नव्हे. धातूच्या चौकटीत आडवी फिरकी असते, तिच्यावर आपला तंगूस, तो नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला. मूठ फिरवली की फिरकी फिरते आणि मासा वर येतो, आपल्या विहिरीच्या रहाटावर कळशी येते तसा. तळव्याला तंगूस कापत नाही, बोटांना वेढे घ्यावे लागत नाहीत. मूठ धरायला एक हात धड असला की झालं, दुसरा नुसता काठी काखेत दाबायला.

मी तिथल्या तिथे ठरवलं. नारळी पौर्णिमेच्या आत तुझ्याकडे रीळ पोचलं पाहिजे. तू होडी विकायची नाहीस. ज्या फळीवर आपण दोघं शेजारी बसून गरवलं त्या फळीवर वेंगुर्ल्याचा कोणी बसलेला मला चालणार नाही. आठवतं, बाबांच्या बाजूला बसलो की त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसायचं, मी कळवळायचो. तुझं कोपर मला कधी लागलं नाही. इतकी वर्षं एका फळीवर, आणि एकदासुद्धा नाही. आपलं जमायचं ते असं.

राग असू दे. राग ठेवूनच वाच, पण वाच.

तुझा
दत्ताराम

—

गुदैबिया
शुक्रवार, २३ मे

दादा,

मनामाच्या बाजारात लतीफ नावाच्या माणसाचं दुकान आहे, जाळी, गऱ्या, शिसं, दोर, सगळं. स्वतः मोती काढणाऱ्या होड्यांवरच्या घराण्यातला. हिंदी आपल्या एसटी कंडक्टरसारखी बोलतो. आधीच्या शुक्रवारी गेलो, आज परत गेलो, आणि आज त्याने मला बाहेर काढलं नाही एवढंच.

काय सांगू तुला, रिळांच्या किती जाती. एक आहे अगदी रुंद, बादलीएवढं, खोल दर्यातल्या माशांसाठी. तंगूस मावेल तेवढा, पण वजन असं की तुझ्या होडीची उलांडी, ते बाजूचं तोलाचं लाकूड, पाण्यातून वर उचलेल. एक आहे बारीक, हलकं, किनाऱ्यावरून लांब फेकायला. फिरकी अशी भन्नाट सुटते की अंगठ्याने आवरली नाही तर तंगुसाचं घरटं होतं, चिमणी अंडी घालून जाईल असं. एकावर तंगूस इकडून तिकडे सारखा पसरवणारा घोडा असतो, दिसायला फार सुंदर. मी तेच धरून बसलो. लतीफ म्हणाला, "बाबूजी, यह शादी के लिए है या मछली के लिए? रेती जाएगी, खारा पानी जाएगा, खलास." म्हणून घोडा बाद.

मला पाहिजे मधलं. तुला दोन्ही करायचंय ना. उघाडीला होडीतून पाण्याखालच्या खडपावर शिसं तळाला सोडायचं, आणि पावसाळ्यात होडी वर काढली की आपल्या दांडीच्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून फेकायचं. म्हणजे फिरकी फार रुंद नको, फार अरुंद नको. चौकट पितळेची, क्रोमचा मुलामा चढवलेली, कारण आपल्याकडचा खारा वारा तुला माहीत आहे. आणि दातेरी चक्र जाड दात्यांचं. वेगाने गुंडाळणारं रीळ बाजारात मिरवायला बरं, पण गोब्रा दगडाच्या बिळात शिरला की तिथे जोर लागतो, वेग नव्हे. हे मला लतीफने सांगितलं नाही, मी एसीवाला आहे, चक्रं मला कळतात.

मुठीच्या बुडाशी एक चांदणी असते, पाच पाकळ्यांची. ती आवळली की फिरकी घट्ट, सैल केली की मासा ओढेल तसा तंगूस सुटतो. तू हाताने जे करायचास ना, सोड, ओढ, सोड, ओढ, ते सगळं त्या चांदणीत आहे. कोणी केली असेल त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

एवढं सगळं ठरलं, मी हरखलो, आणि मग लतीफने मला एक रीळ हातात दिलं आणि माझा चेहरा पडला. मूठ उजवीकडे. दुसरं घेतलं, मूठ उजवीकडे. सगळ्या फळ्या उतरवल्या. सगळ्यांच्या मुठी उजवीकडे, आणि तुझा उजवा हात तर गेलेला. लतीफने विचारलं, "भाई का कौनसा हाथ गया?" मी म्हटलं, काम का हाथ. सीधा हाथ. तो म्हणाला, "पक्का? पूछ लो." मी म्हटलं, भाऊ बोलत नाही. तो म्हणाला, "तो पहले वो रिपेर करो."

त्याच्याकडे दुसऱ्या जातीचं एक रीळ आहे, टोपीसारखं, त्याची मूठ काढून इकडची तिकडे लावता येते. मला वाटलं, झालं काम. लतीफच्या होडीवरून आज दुपारीच लावून बघितलं. जड शिसं, खाली मोठा मासा, तिसऱ्याच ओढीला आतून करकर आवाज आला आणि मूठ नुसती फिरायला लागली. दाते गेले. फेकायला छान, तळातून उपसायला मफी, म्हणजे इथल्या भाषेत शून्य. तुझ्या हातात ते मोडलं असतं तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस. बोलला असतास तर.

म्हणजे आता एकच. डाव्या मुठीचं रीळ शोधायचं. लतीफ म्हणतो, बनतात, पण कोणी मागवत नाही.

दत्ताराम

—

गुदैबिया
शुक्रवार, १३ जून

दादा,

वहिनीचं पत्र आलं. लिहिते, "तुमची पत्रं पोचतात. हे फोडत नाहीत. पण चुलीतही घालत नाहीत, देवाच्या फळीवर ठेवतात."

मी लान्सीला वाचून दाखवलं. लान्सी म्हणाला, मग लिहितोस कशाला. मी म्हटलं, उलट आता तर मजा आहे. न फोडलेल्या पत्रात माणूस वाटेल ते लिहू शकतो. तर घे. तू हट्टी आहेस. बाबांपेक्षा हट्टी. मी सीझन तोंडावर असताना व्हिसा आला म्हणून निघालो, होडीला दुसरा माणूस राहिला नाही, हे मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? कळत होतं. तू एकदा 'जाऊ नको' म्हणाला असतास तर भांडलो तरी असतो. तू एसटी स्टँडवर पेटी उचलून टपावर टाकलीस आणि पाठ फिरवलीस. पेटीचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

झालं. आता रिळाकडे.

वहिनीला मी रिळाचं काही कळवलेलं नाही. तिच्या पोटात राहत नाही, ती तुला सांगेल आणि तू आधीच 'नको' म्हणून मोकळा होशील. फक्त एवढं लिहिलंय की होडीचा शब्द पक्का करू नका.

मनामा पालथी घातली. नईम मोहल्ल्यात एक इराणी आहे, तो जुनी रिळं दुरुस्त करतो. त्याने माझं ऐकून घेतलं आणि मला उजव्या मुठीचं रीळ आरशात दाखवलं. "लो, बायाँ." त्याच्या दुकानातली सगळी गिऱ्हाईकं हसली, मीही हसलो, काय करणार. सनाबिसच्या किनाऱ्यावर जे कोळी भेटले त्यांना विचारलं, ते म्हणाले आम्ही हातानेच ओढतो, तुझ्या भावाला इकडे पाठव, आम्ही शिकवतो. त्यांना काय सांगणार तू कोण आहेस ते.

आणि काल संध्याकाळी लान्सी जिना चढून आला तो धापा टाकत. त्यांच्या हॉटेलात एक इंग्रज इंजिनियर बरीच वर्षं राहतोय, पुढच्या महिन्यात कायमचा घरी चाललाय, सामान वाटून टाकतोय. लान्सीने त्याच्या खोलीत काठ्या बघितल्या. आणि साहेब सही करताना लान्सीने बघितलं, दादा, तो डाव्या हाताने लिहितो.

मला रात्रभर झोप नाही. माणूस डावखुरा, म्हणजे रीळही डाव्या मुठीचं असणार. असणारच.

दत्ताराम

—

गुदैबिया
शुक्रवार, ४ जुलै

दादा,

मिळालं. माझ्या मांडीवर आहे. एका हाताने लिहितोय आणि दुसऱ्या हाताने फिरवतोय, म्हणून अक्षर असं.

नीट सांगतो. साहेब इथे नव्हता, कामाला सौदीत गेला होता, परवा आला. लान्सी मला स्टोअरमधून आत घेऊन गेला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात वहिनीने पाठवलेल्या आमसुलांची पुडी, रिकाम्या हाताने कसं जायचं. साहेब उंच, नाक उन्हाने सोललेलं. मी माझं सगळं इंग्लिश एका दमात वापरून टाकलं. माय ब्रदर, फिशरमन, राइट हँड फिनिश, वन्ली लेफ्ट. तो ऐकत होता.

मग त्याने पलंगाखालून कातडी पिशवी काढली. दादा, मधल्या मापाचं, पितळी चौकट, क्रोम थोडं घासलेलं पण गंज म्हणून नाही. चांदणी पाच पाकळ्यांची. घोडा नाही. आणि मूठ डावीकडे. मी हात लावला नाही आधी, नुसतं बघितलं.

साहेबाने विचारलं, तुझा भाऊ लेफ्टी आहे का? मी म्हटलं, नो सर, पक्का उजवा, म्हणून तर पंचाईत. तो जरा हिरमुसला. लान्सीने मला मराठीत समजावलं, साहेब म्हणतो, आयुष्यभर मला लोकांनी उजव्या हाताच्या कात्र्या दिल्या, उजव्या हाताची रिळं दिली, हे एक मी खास मागवलं होतं. हे माझ्यासारख्या डावऱ्याकडेच जावं असं मनात होतं. मी म्हटलं, लान्सी, साहेबांना सांग, आता माझा भाऊ नशिबाने डावराच झालाय. लान्सीने ते कसं सांगितलं कोण जाणे, पण साहेबाने रीळ माझ्या हातात ठेवलं आणि आमसुलाची पुडी घेतली. पैसे म्हटलं तर हात हलवला. आमसूल तसंच तोंडात टाकलं आणि असं तोंड केलं की लान्सीला खोलीबाहेर जावं लागलं हसायला.

घरी आणून सगळं उघडलं. गुदैबियाच्या आमच्या स्वयंपाकघरात, पेपर पसरून. लान्सीला मासे तळायचे होते, त्याला बाहेर काढला. चक्रं अशी शाबूत की बघत राहावं. जुनं ग्रीस काढलं, नवं भरलं, स्क्रू जागच्या जागी. मूठ लाकडी होती, ती जरा जाड केली, कापड गुंडाळून वर तंगुसाचे वेढे दिले, म्हणजे ओल्या हातातून निसटणार नाही.

नारळी पौर्णिमेला अजून अवकाश आहे. देवबागचा गणपत, आमच्याच कंपनीत ड्रायव्हर, जुलैच्या शेवटी सुट्टीवर जातोय. त्याच्याकडे देणार. पण त्याआधी मला एक करायचंय. हे रीळ एका हाताने खरंच चालतं की नाही ते मी स्वतः बघणार. तुझ्याकडे न बघितलेली वस्तू पाठवायची नाही.

दत्ताराम

—

गुदैबिया
शुक्रवार, ११ जुलै

दादा,

आज सकाळी मी माझा उजवा हात पंच्याने बांधला. तीन बोटं मुठीत दाबून, वर गच्च गाठ. लान्सीने बांधला. अंगठा आणि एक बोट बाहेर, तुझ्यासारखं. जिन्यात शेजारची मंगलोरी बाई भेटली, ती म्हणाली अय्यो क्या हुआ, मी म्हटलं कुछ नहीं, भाई का हाथ है. ती अजून विचार करत असेल.

लतीफने होडी सोडली. पुढच्या आठवड्यात रमजान सुरू होईल, मग तो येणार नाही, म्हणून आजच. त्याला माहीत असलेल्या खडकावर गेलो. काठी उजव्या काखेत, बुडखा कमरेच्या पट्ट्यात, डाव्या हाताने कळ सोडली, अंगठा फिरकीवर. शिसं खाली जाताना अंगठ्याला कळतं रे, तळ लागला की कसं ढिलं पडतं. अगदी तसंच, तंगूस हातात असताना कळायचं तसंच. मला वाटलं होतं ते यंत्रात हरवेल. नाही हरवत.

पहिल्यांदा आमिष गेलं. दुसऱ्यांदाही गेलं. लतीफ म्हणाला, "तुम्हारा भाई अच्छा पकड़ता है या तुम्हारे जैसा?" मी नवीन आमिष लावलं. मग तिसऱ्यांदा असा हिसका बसला की काठीचं टोक पाण्यात.

हामूर. बिळाकडे निघाला. मी चांदणी आवळली, डाव्या हाताने मूठ धरली, आणि दादा, डाव्या हाताला सवय नाही, खांदा भरून आला, दात आवळले, उजवा हात गाठीतून सुटायला बघत होता, लतीफ ओरडतोय यल्ला, यल्ला, म्हणजे चल, चल. मी हात सोडवला नाही. तुला सोडवता येणार नाही, मग मी का सोडवू. एकेक फेरा. जाड दात्याचं चक्र काय असतं ते आज कळलं. तो वर आला तेव्हा मी होडीत बसकण मारली आणि हसत सुटलो, लतीफला वाटलं ऊन लागलं.

तो हामूर आम्ही पाच घरांत वाटला. डोकं मी ठेवलं, तू असतास तर तुला मिळालं असतं.

आता नीट वाच. म्हणजे फोडलंस तर नीट वाच. गणपतजवळ पिशवी देतोय, त्यात रीळ, काठी तीन तुकड्यांत, तंगूस. काठी जोडली की रीळ काठीच्या वर बसवायचं, तुझ्याकडे तोंड करून. वर, दादा. खाली टांगू नको. खाली टांगलंस की मूठ दुसऱ्या बाजूला जाईल आणि उलटी फिरेल, सगळंच उलटं होईल, एवढं लक्षात ठेव. तळाला गरवताना चांदणी घट्ट, काठावरून फेकताना सैल, आणि फेकताना अंगठा उचलायचा नाही, नाहीतर घरटं. घरी आलास की गोड्या पाण्याने धू, वहिनीकडून खोबरेल माग.

दत्ताराम

—

गुदैबिया
शुक्रवार, २९ ऑगस्ट

दादा,

नारळी पौर्णिमा मंगळवारी झाली. इथे आम्ही मालवणकडचे सगळे एका खोलीत जमलो, नारळ सोडायला लतीफच्या धक्क्यावर गेलो, नारळ लाटेने परत आला, मग परत सोडला. मी सगळ्यांबरोबर हसलो.

गणपतने पिशवी दिली का? वहिनीचंही पत्र नाही. रोज कंपनीच्या टपालाच्या खोक्यात हात घालतो. लान्सी म्हणतो, टपाल उशिरा येतं. त्याला काय माहीत, त्याच्या घरचे आठवड्याला दोन पत्रं टाकतात.

मी डोळे मिटले की होडीवर वेंगुर्ल्याचा माणूस दिसतो. त्याचा चेहरा मला माहीत नाही, तरी दिसतो. होडी गेली असेल तर तेवढं एका ओळीत कळव. बोलू नकोस माझ्याशी, नुसतं लिही, होडी गेली. मग मी रिळाचं विचारणार नाही.

आणि गेली नसेल तर तेही लिही.

दत्ताराम

—

दांडी, मालवण
ता. ३० ऑगस्ट १९८०

दत्तू,

मी सांगतंय आणि तुझी वैनी शेवंती लिवता. मी सांगलंय तसा लिव, शहाणपणा करू नको, असा तिका दम दिलंय.

गणपतीच्या आधी गणपत इलो. तुझा रीळ पावला.

तुझी पत्रां मी फोडूक नव्हतंय. रीळ इल्यार शेवंतीक बसवलंय आणि सगळी एका बैठकेक वाचून घेतलंय. ती मधी मधी हसा होती. मी नाय हसलंय. (हसत होते. दोनदा तर उठून परसात गेले. — शेवंती)

आता ऐक. शेवंतीन 'कामाचो हात' असा लिवल्यान, ता बरोबर लिवल्यान. आमच्या घरात माझो एक जेवतो हात आणि एक कामाचो हात. जेवतो उजवो. कामाचो डावो. गेलो तो डावो. तू 'उजवो' खंयसून काढलंस?

ल्हान असताना मी डाव्या हातान जेवलंय म्हणान बाबान माका उलथन्याचो चटको दिल्यान. डावऱ्या पोराक होडयेच्या पूजेक कोण उभो करीत नाय, असा म्हणा होतो. तेच्यानंतर घरात सगळा उजव्यान. नैवेद्य उजव्यान, वाढणा उजव्यान, सही उजव्यान. डावो हात फक्त दर्यात सुटा. थंय कोण बघता? तू बाजूक बसा होतंस, पण तुझी नजर तुझ्या बाजूच्या पाण्यार. आणि आपली कोपरां लागत नव्हती, ती आपला जमता म्हणान नाय, रे खुळ्या. तू उजवो आणि मी डावो, म्हणान लागत नव्हती.

म्हंजे सगळ्या दुकानांतली सगळी रिळां माका चालली असती. उजवी मूठ, उजवो हात, काय प्रश्न नाय. तू आख्खा बहरीन पालथा घालून, सायबाक आमसुलां खावक घालून, नेमका ता एकच रीळ शोधून काढलंस जा माझ्या हाताक लागणा नाय. कमाल आसा तुझी.

चार दिस ता देवाच्या फळयेर ठेवलंय, तुझ्या पत्रांच्या बाजूक. मगे शेवंतीक सांगलंय, ती ताकीद परत वाच. तिनं वाचल्यान, खाली टांगू नको, मूठ दुसऱ्या बाजूक जायत, सगळा उलटा होयत. म्हटलंय, उलटाच तर होया माका.

काठयेच्या खाली टांगलंय. मूठ उजवीकडे इली. फिरता उलटी, आपल्या पोटाकडे, पण दोन दिसात हाताक कळला. डाव्या काखेत काठी दाबतंय. बुडखो टेकूक कमरेक नारळाची करवंटी बांधलंय, तुझ्या त्या पट्ट्यापेक्षा बरी. काठावरसून फेकूक गेलंय तर तू म्हणतंस ता घरटा झाला, ता सोडवताना शेवंतीक सांजेची वात पेटवूची लागली. फेकूचा नंतर बघया. पण तळाक झकास. काल जुन्या खडपार गोब्रो काढलंय. तुझ्या हामुरापेक्षा मोठो.

वेंगुर्लेकराक निरोप धाडलंय, होडी विकूची नाय म्हणान. पुनवेक नारळ मीच सोडलंय.

तो पेटयेचो आवाज माझ्याय कानात आसा. मी पाठ फिरवलंय ती तोंड दाखवूचा नव्हता म्हणान. आता पुरे झाला.

दुसरा रीळ धाडू नको. सुट्टी घे आणि तू ये. गरवताना एकटो कंटाळतंय. फळयेर उजवी बाजू तुझीच आसा, थंय कोणाक बसवूक नाय. फक्त आता मीय उजव्या हातान फिरवतंय. तेव्हा माझो कोपर तुझ्या बरगडेत बसतलो, बाबाचो बसा तसो. तक्रार करूची नाय.

रावजी